मास्तरांच्या दोनशे बारा आखण्या

गुरुवार, १४ मार्च. रक्कम रुपये ४१,३०० फक्त.

कागदावर एवढंच होतं, आणि खाली सॉफ्टवेअर कंपनीचा शिक्का. मालकांनी तो कागद टेबलावरून मास्तरांकडे सरकवला.

"हे यंदा भरायचं नाही, मास्तर. नव्या कटिंग मशीनबरोबर त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर आलंय. एका टांग्याला दोन घोडे कशाला पोसायचे?"

"पण जुन्यावर माझी वेबसाईट चालते," मास्तर म्हणाले.

"ती तुमची. कारखान्याची नाही. बाबा होते तोवर ठीक होतं." मालकांनी फोन उचलला. बोलणं संपलं, हे सांगायची त्यांची ती रीत होती.

मास्तर म्हणजे कारखान्याचे कटिंग मास्तर. वय एकोणसाठ. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात साठ शिलाई मशिनं होती, आणि त्या साठ मशिनांखाली जाणारा एकूण एक तुकडा मास्तरांनी आखलेल्या रेषेवर कापला जाई. अकरा वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी आखणीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं तेव्हा मास्तर अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. तोवर त्यांनी खडू आणि पट्टी सोडून दुसरं काही हातात धरलं नव्हतं. तीन महिन्यांत त्यांनी ते सॉफ्टवेअर असं बसवलं की कंपनीचा माणूस शिकवायला आला तो शिकून गेला.

मग जेवणाच्या सुट्टीत मास्तर कारखान्याबाहेरच्या माणसांसाठी आखायला लागले. लहान मुलांचे सदरे, फ्रॉक, एप्रन, पायजमे, म्हाताऱ्या माणसांना हात वर न करता घालता येईल असा समोरून उघडणारा अंगरखा. सगळं वेबसाईटवर, सगळं मोफत. अकरा वर्षांत दोनशे बारा आखण्या झाल्या. पहिल्याच पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं: "या आखण्या सर्वांच्या आहेत. घ्या, छापा, बदला, शिवा. फक्त आखणाऱ्याचं नाव ठेवा."

यात एकच गोम होती. आखणी मास्तरांची आणि वेबसाईटही मास्तरांची, पण ती आखणी उघडणारी खिडकी सॉफ्टवेअर कंपनीची होती. दर वर्षी लायसन्सचे पैसे भरले की खिडकी उघडी. नाही भरले की बंद. आणि "बदला" असं लिहिलेलं असलं तरी अकरा वर्षांत कुणी एक रेघ बदलली नव्हती, कारण बदलायची तर आधी तेच सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागे.

लायसन्सची मुदत ३१ मार्च, संध्याकाळी सहा.

मास्तरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. म्हणाली, एकट्या व्यक्तीला एका वर्षाचं लायसन्स देत नाही, तीन वर्षांचं एकदम घ्यावं लागेल, एक लाख तेवीस हजार नऊशे. मास्तरांनी विचारलं, मग माझ्या आखण्या दुसऱ्या कुठल्या साध्या स्वरूपात काढून तरी द्याल? ती म्हणाली, ती सोय आमच्या मोठ्या आवृत्तीत आहे, सर. मास्तरांनी मोठ्या आवृत्तीची किंमत विचारली नाही.

आता कुणालाही वाटेल, की मास्तरांनी धावत जाऊन आपल्या साडूंचे पाय धरायला हवे होते. पण साडूंपुढे हात पसरण्यापेक्षा मास्तरांनी हाताला फोड येईपर्यंत दोनशे बारा आखण्या खडूनं पुन्हा काढल्या असत्या.

साडू हे नातंच मुळी तुलनेसाठी जन्माला आलेलं. मित्र आपण निवडतो. साडू सासरा निवडतो, आणि मग जन्मभर दोन्ही जावयांना एकाच तागडीच्या दोन पारड्यांत बसवून ठेवतो. मास्तरांचे साडू भूमापन कचेरीत नकाशे काढायचे. सगळे त्यांना नकाशेसाहेब म्हणत. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे सासुरवाडीत पहिली खुर्ची त्यांची, पहिला कप त्यांचा आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नावर पहिला शब्दही त्यांचाच. मास्तरांना विचारलं जाई ते एवढंच, "मास्तर, ही बाही जरा आखूड करून द्याल?"

तीस वर्षं मास्तरांनी हे गिळलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं सोपी गेली, कारण त्यांच्याकडे एक अशी गोष्ट आली होती जी साडूंकडे नव्हती. परक्या माणसांची पत्रं. "मास्तर, तुमच्या आखणीवर शिवलेला फ्रॉक नातीला बरोबर बसला." असं पत्र आलं की ते मास्तर दोनदा वाचत आणि बायकोला तिसऱ्यांदा वाचून दाखवत. बायको आपल्या ताईला सांगे, ताई नकाशेसाहेबांना. मास्तरांना तेवढं पुरे होतं.

मग नकाशेसाहेब निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं कुंड्यांत रोपं लावतात, दूधवाल्याशी हुज्जत घालतात. नकाशेसाहेब मास्तरांकडे आले आणि म्हणाले, "तुमचं ते सॉफ्टवेअर दाखवा की. रेषा काढण्यात तर माझा जन्म गेला." मास्तरांनी मोठ्या ऐटीत किंमत सांगितली. नकाशेसाहेब म्हणाले, "बापरे! मग मी फुकटचं शोधतो."

आणि त्यांना सापडलं. जगभरच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं असं. महिन्याभरात त्यांनी त्यावर एक पिशवी काढली, मग एक टोपी, मग उशीचा अभ्रा, आणि स्वतःची वेबसाईट उघडून सगळं तिथं ठेवलं.

"उशीचा अभ्रा!" मास्तर त्या दिवशी बायकोला म्हणाले होते. "चार सरळ रेघा! याला आखणी म्हणायचं तर दाराच्या चौकटीलाही म्हणा!"

पण त्या चार रेघा कुणाच्याही फोनवर उघडत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापता येत. कुणी त्या अभ्र्याला खिसा लावून पुन्हा पाठवला, कुणी बटणं लावली. मास्तरांच्या वेबसाईटवर महिन्याला एकतीसशे माणसं येत असत ती एकोणीसशेवर आली. साडूंकडे चोपन्नशे जात होती. हे आकडे मास्तरांना तोंडपाठ असत, कारण रोज सकाळी दात घासायच्या आधी ते दोन्हीकडचे बघत. आपला आकडा चढला तर त्यांना विशेष काही वाटत नसे. साडूंचा उतरला तर मात्र चहा गोड लागे.

रविवारी, सतरा तारखेला, सासूबाईंना बघायला दोघे साडू सहकुटुंब गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. एका डोळ्यावर पट्टी. पलंगाच्या उजव्या अंगाला नकाशेसाहेब, डाव्या अंगाला मास्तर. खुर्ची एकच होती. मास्तर स्टुलावर बसले होते.

"आता तुम्ही दोघं मला सारखेच दिसताय," सासूबाई म्हणाल्या. "उघड्या डोळ्याला चष्मा नाही आणि दुसऱ्यावर पट्टी."

सगळे हसले. तेवढ्यात मास्तरांच्या बायकोनं, खरं तर नुसती ताईशी बोलता बोलता, सगळं सांगून टाकलं. लायसन्स, ३१ तारीख, एक लाख तेवीस हजार. मास्तरांनी डोळे वटारले, पण बोलणं सुटलं की सुटलं.

नकाशेसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "अहो मास्तर, मग सांगायचं नाही का! आपण सगळं माझ्याकडच्या सॉफ्टवेअरवर आणू. चौदा दिवस आहेत."

"नको, साडूभाऊ. माझं मी बघतो."

"बघाल कसं? मी तुम्हाला पहिल्यापासून म्हणत होतो. पाणपोई घातलीत खरी, पण रांजणाचं झाकण भाड्याचं."

"विकतच्या वस्तूला हमी असते," मास्तर म्हणाले. "आणि मी कपडा कुठल्या कात्रीनं कापला, हे घालणारा विचारतो का कधी?"

"कात्री तुमच्या घरी राहते, मास्तर, म्हणून विचारत नाही. तुमच्या या आखणीबरोबर मात्र गिऱ्हाइकाला कात्रीसुद्धा विकत घ्यावी लागते."

सासूबाई म्हणाल्या, "थोरले बरोबर बोलतायत हो." एक डोळा बंद असूनही त्यांचं माप तेच होतं.

परतताना बायको म्हणाली, "अहो, भाऊजी मदत करतो म्हणतायत तर तुमचं काय बिघडलं?"

"काही नाही. पोट दुखतंय."

"दुखणारच," बायको म्हणाली. "गेली तीस वर्षं दुखतंय."

वीस तारखेला, बुधवारी, सकाळी दात घासायच्या आधी मास्तरांनी साडूंचं पान उघडलं आणि ब्रश हातातच राहिला. तिथं त्यांच्या स्वतःच्या बारा आखण्या होत्या. नकाशेसाहेबांनी मास्तरांच्या वेबसाईटवरून कागदावर छापून घेतल्या होत्या, आणि त्या कागदांवरून आपल्या सॉफ्टवेअरवर रेघ न रेघ गिरवून काढल्या होत्या. न विचारता.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला तोंड नव्हतं. घ्या, छापा, बदला असं त्यांनीच लिहून ठेवलेलं. मग त्यांनी आपलं नाव शोधलं. नाव नसतं तर बरं झालं असतं; मग तोंड मिळालं असतं. पण प्रत्येक आखणीवर, अगदी वरच, ठसठशीत अक्षरात होतं: "मूळ आखणी: मास्तर. नक्कल: नकाशे." नकाशेसाहेबांनी आपलं नाव बारीक अक्षरात घातलं होतं. हेही मास्तरांना लागलं. माणसानं इतकं नीटनेटकं वागू नये.

मग त्यांनी मुलांच्या सदऱ्याची आखणी मोठी करून पाहिली. गळ्याशी आले आणि थांबले.

शिलाईसाठी कडेला जे बोटभर कापड जास्त ठेवतात त्याला माया म्हणतात. मास्तर आखणी काढत ती माया धरूनच. म्हणजे त्यांची बाहेरची रेघ ही कापायची रेघ; शिलाई तिच्या आत दीड सेंटिमीटरवर. तीस वर्षं कारखान्यात अशीच चाल होती आणि मास्तरांना ती कुठे लिहून ठेवायची गरज कधी वाटली नव्हती, जसं कात्री कुठल्या टोकानं धरायची हे कुणी लिहीत नाही. नकाशेसाहेबांचा जन्म शेतांच्या हद्दी काढण्यात गेलेला. त्यांच्या लेखी बाहेरची रेघ म्हणजे हद्द, आणि जी काही जागा सोडायची ती हद्दीच्या बाहेर. त्यांनी मास्तरांच्या रेघेला शिलाईची रेघ समजून बाहेरून आणखी दीड सेंटिमीटर माया लावली होती. सगळीकडून. प्रत्येक आखणीला.

याचा परिणाम काय होणार, ते मास्तरांना सदरा न शिवताच दिसला. दोन्ही बगलांना मिळून छाती सहा सेंटिमीटर सैल. बाही तीननं लांब. आणि गळा? गळा म्हणजे भोक. भोवतालचं कापड वाढलं की भोक लहान होतं. अंग ढगळ आणि गळा आवळलेला असा सदरा. वरचं बटण लागणार नाही, कॉलर बसणार नाही.

मास्तरांनी लॅपटॉप मिटला आणि दात घासले. घासताना ते शीळ घालत होते.

"काय हो, आज फार खुशीत?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. हवा चांगली आहे."

साडूंना फोन करायला एक मिनिट लागलं असतं. पण मास्तर मनात म्हणाले, मी कशाला सांगू? मला विचारून केलं का? पडू देत तोंडावर. फुकटच्या कात्रीनं कापलेलं काय मोलाचं असतं ते कळू दे एकदा सगळ्यांना. लोक तक्रार करतील, मग साहेब येतील माझ्याकडे, मग मी सांगेन. मास्तरांनी तो प्रसंग मनात पुष्कळदा रंगवला. त्यात दर वेळी मास्तर खुर्चीवर असत आणि साडू स्टुलावर.

एकवीस गेली, बावीस गेली. साडूंच्या पानावर रोज तीनेक आखण्या वाढत होत्या आणि प्रत्येकीला ती दीड सेंटिमीटरची चूक लागलेली होती. मास्तर रोज सकाळी मोजत. तक्रार मात्र येत नव्हती. उलट माणसं वाढत होती. आठवड्यात सात हजार. "अखेर मास्तरांच्या आखण्या उघडल्या," असं कुणीतरी खाली लिहिलं होतं. ते वाक्य मास्तरांच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं. अखेर म्हणजे काय? अकरा वर्षं काय बंद होत्या?

एकोणतीस तारखेला, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत काजवाली त्यांच्या टेबलाशी आली. ही बाई चौदा वर्षं मास्तरांच्या पलीकडच्याच टेबलावर काज-बटणं करत होती. घरी एक जुनं मशीन होतं, त्यावर बारीकसारीक शिवायची. हातात पिशवी होती.

"मास्तर, रागावणार नसाल तर एक दाखवू?"

"दाखव की."

तिनं पिशवीतून लहान मुलाचा सदरा काढला. निळा. मास्तरांना उलगडून बघायची गरज नव्हती. कॉलरला चुण्या पडल्या होत्या. लहान गळ्यात मोठी कॉलर कशीतरी कोंबून बसवलेली.

"आमच्या शेजारच्या बालवाडीचे बावीस सदरे घेतलेत शिवायला. पहिल्यांदाच एवढं मोठं काम मिळालं. सगळे असेच झालेत. अंगात दोन पोरं मावतील आणि गळ्यात एकसुद्धा नाही. तुमची आखणी कधी चुकत नाही, म्हणजे माझंच कुठेतरी चुकलंय. कुठं चुकलं ते सांगा. रात्रभर उसवलं तरी कळेना."

"माझी आखणी?" मास्तर म्हणाले. आवाज त्यांच्याच कानाला परका लागला. "माझ्या वेबसाईटवरून घेतलीस?"

काजवाली ओशाळली. "नाही. त्या दुसऱ्या पानावरची. तुमचंच नाव आहे की वर. खोटं कशाला बोलू, मास्तर, तुमची वेबसाईट माझ्या फोनवर कधी उघडलीच नाही. नुसतं गोल गोल फिरतं."

"चौदा वर्षं शेजारी बसतेस. कधी बोलली नाहीस."

"तुम्ही एवढ्या हौशीनं सांगायचात, आज अमकी आखणी टाकली, आज तमकी. कसं म्हणू, की मला दिसतच नाही? मी आपलं छान आहे, छान आहे म्हणायची." ती हसली. "आता पहिल्यांदा उघडली, म्हणून म्हटलं मास्तरांच्या मापाचा सदरा आपणही शिवावा."

मास्तरांनी सदरा हातात घेतला. शिलाई सुरेख होती. टाका न टाका सारखा. चुकीच्या मापावर इतकं बरोबर काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"कापड पुरलं?" त्यांनी विचारलं.

"नाही ना. अठरा सदऱ्यांत संपलं. साडेपाच मीटर पदरचं आणलं, नव्वद रुपये मीटरनं. ते काय मागता येत नाही कुणाकडे, माझ्याच हातून सांडलं."

"तुझ्या हातून नाही," मास्तर म्हणाले. "सगळ्या कडांनी दीड सेंटिमीटर काप आणि पुन्हा शीव. कॉलरसुद्धा. तुझं काही चुकलेलं नाही."

"मग कुणाचं?"

मास्तरांनी कात्री उचलली आणि ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

संध्याकाळी कारखान्याचा लॅपटॉप काखेत मारून ते थेट साडूंच्या घरी गेले. दार ताईंनी उघडलं. नकाशेसाहेब टेबलावर वाकले होते, कान लाल झालेले, समोर मास्तरांच्याच आखणीचे छापील कागद चिकटपट्टीनं जोडलेले. टेबलावर एक काडी इकडची तिकडे नव्हती. पेन्सिली उंचीप्रमाणं लावलेल्या. मास्तरांना त्याही क्षणी वाटून गेलं, या माणसाच्या पेन्सिलीसुद्धा शहाण्या आहेत.

"या मास्तर! अडतीस झाल्या. रागावला नाहीत ना?"

मास्तरांनी उभ्याउभ्याच सांगितलं. कापायची रेघ, शिलाईची रेघ, दुप्पट झालेली माया, काजवालीचे बावीस सदरे, तिचे साडेपाच मीटर, चारशे पंच्याण्णव रुपये.

नकाशेसाहेब पांढरेफटक पडले. त्यांनी पट्टी घेतली, छापील कागद मोजला, मग आपल्या पडद्यावर मोजलं. चष्मा काढून ठेवला.

"पस्तीस वर्षांत माझी हद्द कधी चुकली नव्हती," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्या कधी लक्षात आलं?"

आज दुपारी, असं म्हणणं सोपं होतं. मास्तरांच्या जिभेवर आलंही होतं.

"वीस तारखेला."

"पहिल्याच दिवशी."

"हो."

"म्हणजे त्यानंतर मी सव्वीस चढवल्या."

"हो."

नकाशेसाहेब उठून आत गेले. ताईंनी चहा आणून ठेवला, मास्तरांकडे न बघता. मास्तर तिथंच उभे राहिले. बसा असं कुणी म्हणालं नव्हतं. दहा मिनिटांनी नकाशेसाहेब तोंड धुऊन बाहेर आले.

"कचेरीत माझ्या हाताखाली एकजण होता," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या नकाशात चूक दिसली की वरिष्ठ येईपर्यंत गप्प बसायचा. त्याला माझ्याआधी बढती मिळाली." मग त्यांनी खुर्ची ओढली, ती मास्तरांपुढे ठेवली, आणि स्वतः स्टूल घेतलं. "बसा. सहाला परवा बंद होतं ना? एकेकीचे वीस-वीस कागद छापून, जोडून गिरवत बसण्यात अर्थ नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बिंदूचं माप दिसतं का?"

"दिसतं."

"मग तुम्ही वाचा, मी टाकतो. आमच्या कचेरीतली पद्धत आहे. एक बोलतो, एक मांडतो."

मास्तर खुर्चीवर बसले. साडू स्टुलावर होते. नऊ दिवस रंगवलेला प्रसंग हाच होता, पण मास्तरांना ती खुर्ची टोचत होती.

त्या रात्री आधी चढवलेल्या अडतीस आखण्यांची जादा माया काढून टाकली आणि वर सूचना लावली, की चूक झाली होती, जुनी आखणी वापरू नका. चूक कुणाची, हे नकाशेसाहेबांनी लिहिलं, ते स्वतःचं नाव घालून. मास्तर म्हणाले, "माझंही घाला." नकाशेसाहेब म्हणाले, "तुमची चूक आखणीतली नाही, ती तिथं कशी लिहू?"

शनिवारी मास्तरांनी रजा टाकली. सकाळपासून एकजण वाचत होता, एकजण मांडत होता. "पुढचा गळा. बिंदू चार. आडवे सहा पूर्णांक दोन, उभे सात." "झालं." "बिंदू पाच." नकाशेसाहेबांचा हात इतका जलद होता, की मास्तरांना वाचताना धाप लागे. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, गोलाई त्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर मास्तरांच्या विकतच्या सॉफ्टवेअरपेक्षा सुबक येत होती. मास्तरांनी ते दोनदा पाहिलं आणि तोंडानं मात्र "बरी आहे," एवढंच म्हटलं.

"नुसती बरी?" नकाशेसाहेबांनी विचारलं.

"चांगली आहे," मास्तर म्हणाले. ते दोन शब्द गावाच्या वेशीपर्यंत चालून आल्यासारखे दमून बाहेर पडले.

शनिवारी चोवीस झाल्या. रविवारी सत्तावीस. समोरून उघडणारा अंगरखा घेतला, लहान मुलांचं सगळं घेतलं. रविवारी पाच वाजून पन्नास मिनिटांनी एका फ्रॉकचा पाठचा भाग चालू होता. सहाला पडदा करडा झाला आणि मध्ये चौकट आली, की आपली मुदत संपली आहे, नूतनीकरणासाठी संपर्क साधा. पाठचा भाग सात बिंदूंवर थांबला.

अडतीस आणि एक्कावन्न, एकोणनव्वद आखण्या आल्या. एकशे तेवीस आत राहिल्या. दिवसाला पंचवीस धरल्या तर मास्तर गप्प बसले त्या नऊ दिवसांत सव्वादोनशे, म्हणजे सगळ्याच, झाल्या असत्या. हा हिशेब मास्तरांनी मनातल्या मनात केला. नकाशेसाहेबांनीही केला असणार, कारण त्यांचा मांडायचा हात मध्येच थांबला आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. बोलले काही नाहीत. बोलले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"त्या एकशे तेवीसमधल्या किती डोक्यात आहेत तुमच्या?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तीसेक असतील. बाकीच्या पुन्हा आखाव्या लागतील."

"मग पुढच्या रविवारी या. ते फुकटचं सॉफ्टवेअर तुमच्याही कॉम्प्युटरवर घालून देतो."

"बघू," मास्तर म्हणाले.

सोमवारी, एक एप्रिलला, मास्तरांनी कारखान्यात जाताना चारशे पंच्याण्णव रुपये पाकिटात मोजून घातले आणि पाकीट काजवालीच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय, मास्तर?"

"तुझ्या कापडाचे."

"अहो, ते मिळाले की! काल सकाळीच ते चष्मेवाले साहेब पत्ता विचारत घरी येऊन देऊन गेले. मास्तरांनी पाठवलेत म्हणाले. मी नको नको म्हणत होते, पण ऐकेनात. पुढे म्हणाले, मास्तरांना फार लागलंय मनाला. आणि सदरेही सगळे दुरुस्त झाले. गळा काय बसतोय आता!" तिनं पाकीट परत मास्तरांच्या हातात दिलं. "दोनदा कशाला देताय?"

काल सकाळी म्हणजे रविवारी, कामाला बसायच्या आधी. आणि दिवसभर नकाशेसाहेब त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. मास्तर पाकीट हातात धरून उभे राहिले. त्यांना प्रथम वाटलं ते असं, की हेसुद्धा त्यानंच आधी केलं. दुसरं काही वाटायला दुपार उलटली.

त्यानंतरच्या रविवारी मास्तर साडूंकडे गेले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी गेले. नकाशेसाहेबांनी फुकटचं सॉफ्टवेअर मास्तरांच्या कॉम्प्युटरवर घालून दिलं, आणि मास्तरांनी डोक्यातल्या तीस आखण्यांतल्या पहिल्या चार त्यावर काढल्या. आता आखणीवर एक ओळ जास्त असते: "बाहेरची रेघ कापायची. माया आत धरली आहे." मास्तर अजून दात घासायच्या आधी दोन्ही आकडे बघतात. त्यांच्या जुन्या पानावर कुणी येत नाही.

साडूंना रुपये ४९५ मास्तरांकडून अजून देणे आहेत.